डाव्या हाताची पेटी

"डावा हात जावई हाय का बे?"

दिवसातून दहा वेळा तरी हे वाक्य भिंतीपलीकडून माझ्या दुकानात यायचं. अंबाजोगाईत सरांचा टायपिंगचा क्लास आणि माझं सुतारकामाचं दुकान यांच्यात एकच भिंत होती. पलीकडे बारा टाइपरायटर एकदम खडखडत. त्या कल्लोळात एखादं पोरगं उजवा हात भराभर आणि डावा रखडत चालवू लागलं की सर कागद तपासता तपासता, मान वर न करता ओळखायचे. "खिडकीपाशी कोण बसलंय? डावा हात जावई हाय का बे? नुसता बसून खातोय!" पोरं हसायची. भिंतीच्या अलीकडे मीही हसायचो. हसताना माझा रंधा थांबला की लगेच आवाज, "मिस्त्री, तुमचे तर दोन्ही जावई झाले!"

ज्यांचे कान डोळ्यांच्या पुढे धावतात अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सर त्यातले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारलीच नाही. सर म्हटलं की टायपिंगचे सर. बुटके, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशात खोडरबर.

माझंही थोडं सांगतो. मी तिसरीपर्यंत शिकलो. पण लाकडाच्या बाबतीत मला कुणी चार शब्द शिकवावेत हे मला कधी सहन झालं नाही, आजही होत नाही. सरांच्या क्लासची बारा टेबलं मी केली. एकही डुगडुगलं नाही. हे आधीच सांगून ठेवलं, कारण पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ यातच आहे.

सर दर सोमवारी महादेवाच्या देवळात भजनाला पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, म्हणजे ते घुमतं. उजवं तोंड बोलतं, डावं घुमतं. सरांनीच मला समजावलं होतं. "मिस्त्री, उजव्यानं मारला की 'ता'. त्याच टायमाला डावा पण पडला की 'धा'. फरक फक्त डाव्याचा हाय. पण देव 'धा'त ऱ्हातो."

त्यांच्याकडे कणकेचा एक लहान डबा असायचा. एका सोमवारी तो घरी विसरला. ते थेट आमच्या घरात आले. माझी बायको परातीत कणीक मळत बसलेली. सरांनी काही न बोलता त्यातला मूठभर उंडा तोडला, बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, पाणी जरा जास्ती झालंय." आणि निघून गेले. बायको महिनाभर तणतणत होती. कणीक नेली त्याचं तिला काही नव्हतं. पाणी जास्त झालंय म्हणाले, त्याचं होतं.

भजन संपलं की ती कणीक खरवडून सर बाहेर गाईला घालायचे. गाय वाट बघत उभी असायची. सर म्हणायचे, "माझी खरी श्रोती ही."

एका सकाळी, पहिल्या बॅचला, भिंतीपलीकडचा खडखडाट एकदम थांबला. बारा टाइपरायटर एकदम कधी थांबत नसत. मी हातातली पटाशी टाकून धावलो. सर खुर्चीतून घसरून खाली पडले होते आणि तोंड एका बाजूला ओढलं होतं. एका पोरीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

सरकारी दवाखान्यात वीस दिवस काढले. बोलणं परत आलं. पाय घासत घासत का होईना परत आला. डावा हात आला नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी उजव्या हाताने तो डावा उचलून चादरीवर नीट ठेवला. एखादं झोपलेलं लेकरू ठेवावं तसा. म्हणाले, "जावई रुसला, मिस्त्री."

मला हसायला आलं नाही. त्यांनाही नाही.

सरांच्या घरी लिंगपूजेचा नेम होता. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं. आता तो तळहात उघडा ठेवायलाही सरांच्या बायको, आमच्या वहिनी, लागायच्या. त्या समोर बसून खालून त्यांचा हात धरून ठेवायच्या, पूजा होईपर्यंत. एकदा मी त्या वेळेला गेलो आणि दारातूनच परत फिरलो. काही गोष्टी आपण बघायच्या नसतात.

त्याच वर्षा-दोन वर्षांत गावात कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. पोरं तिकडे वळली. सरांनीही आजारपणाच्या आधी हौसेने एक कॉम्प्युटर घेतला होता. क्लास बंद झाला, टाइपरायटर गेले, तो एक कॉम्प्युटर तेवढा घरी आला. त्यावर कापडाचं झाकण घालून वहिनींनी वर गजाननाची मूर्ती ठेवली.

मग सरांचा एक जुना विद्यार्थी आला. हा एका श्रावणात देवळातलं भजन टेपवर भरून घेऊन गेला होता. आता त्याने त्या कॅसेटची सीडी करून आणली होती. मूर्ती खाली उतरली, झाकण निघालं, सीडी आत गेली.

कॉम्प्युटरबरोबर आलेले दोन स्पीकर होते, मुठीएवढे, प्लास्टिकचे. त्यातून भजन सुरू झालं. टाळ ऐकू आले, घंटा ऐकू आली, मध्ये एकदा माझं खोकणंही ऐकू आलं. पखवाजही आला. पण कसा? ता, ता, ता. डबीवर चमचा वाजवावा तसा.

सर पुढे वाकले. कान अगदी त्या प्लास्टिकला लावला. मग मागे सरले आणि म्हणाले, "मिस्त्री, यात बी मला अर्धांगच झालंय."

तो पोरगा गेल्यावर ते मला हळू म्हणाले, "माझा डावा हात त्या सीडीत हाय. बाहेर काढायचाय."

झालं. तेव्हापासून आम्ही स्पीकर शोधायला लागलो. वहिनींनी बजावून ठेवलं होतं, "हजार-दीड हजार, त्याच्या वर एक रुपाया न्हाई. गोळ्या-औषधं तुमचा बाप देणार हाय का?" सर म्हणाले, "बाप असता तर त्यानंच पखवाज वाजवून दाखवला असता."

पहिल्या दुकानात दुकानदाराने एक खोकं पुढे ठेवलं. खोक्यावर चारशे वॅट लिहिलेलं आणि गिटार घेतलेल्या गोऱ्या बाईचं चित्र. त्याने आपलं सिनेमातलं गाणं लावलं. दुकानाच्या काचा थरथरल्या.

"कसा हाय आवाज, सर?"

"मोठा हाय. आता हे लावा," म्हणून सरांनी शर्टाच्या आतून सीडी काढली.

भजन सुरू झालं. सर डोळे मिटून ऐकत राहिले. "यात 'धा' कुठंय?"

"म्हंजी?"

"डावा हात, डावा. ऐकू येतोय का तुमाला?"

दुकानदाराने बाजूचं बटण पिळलं. "बास वाढवला बघा."

आता पखवाजाबरोबर सगळंच घोगरं झालं. गाणाऱ्या बुवांना सर्दी झाल्यासारखं वाटायला लागलं. सर उठले. "बुवांना काढा द्या. मी येतो नंतर."

अशी गावातली चार दुकानं झाली. कोणी दहा मिनिटं ऐकवलं, कोणी भजन म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हातारबाबा डोक्यानं ठीक हायत ना?" मी त्याला म्हणालो, "तुझ्यापेक्षा बरे हायत. तुला 'ता' आणि 'धा'तला फरक कळंना, मग कशाला दुकान टाकलंस?"

शेवटी एसटीने बीडला गेलो. तिथल्या मोठ्या दुकानात एक जोडी होती, तिच्याबरोबर जमिनीवर ठेवायचा तिसरा डबा, लाकडाचा. सीडी लावली आणि पहिल्या ठोक्यालाच मला छातीत कळलं. सरांना तर आधीच कळलं होतं. देवळातला तो सोमवार जसाच्या तसा त्या फरशीवर उतरला. सरांचा उजवा हात गुडघ्यावर चालायला लागला होता. डावा मांडीवर पडलेला.

त्यांनी किंमत विचारली. दुकानदाराने सांगितली. ती वहिनींच्या आकड्याच्या पाचपट होती.

"बंद करा," सर म्हणाले.

"ऐका की अजून, पैसे थोडेच पडतेत ऐकायला!"

"नको. सवय लागंल."

परतीच्या एसटीत ते डोळे मिटून बसले. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मांजरसुंब्याला गाडी चहाला थांबली. आम्ही ढाब्याच्या बाकावर बसलो होतो आणि सरांनी एकदम चहाची बशी खाली ठेवली. मान वळवून ते ऐकायला लागले. लांबवर एक ट्रक उभा होता आणि त्याच्या केबिनमधून गाणं येत होतं. गाणं कसलं होतं देव जाणे, पण खालचा ठोका गोल, भरीव येत होता.

सर पाय घासत ट्रककडे निघाले. मी त्यांच्या मागे.

ड्रायव्हर मुसलमान होता, जालन्याकडचा, गमत्या. सरांनी विचारल्यावर त्याने सीटमागचा डबा अभिमानाने दाखवला. "खुद बनाया मैं, चाचा. आठ इंची स्पीकर डाला, प्लायवूड का डिब्बा ठोका, हो गया. कंपनी का लेते तो गाडी बेचनी पडती."

मी तो डबा पाहिला. खिळे वाकडे, कोपरे उघडे. माझ्या दुकानात असलं काम कुणी केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. मी सरांना म्हणालो, "सर, आता चिंता सोडा. पेटी मी करतो. सागवानाची."

ड्रायव्हरने पेटीच्या पुढच्या बाजूचं एक गोल भोक दाखवलं. "पर ये होल मत भूलना, मिस्त्रीसाब. बंद डिब्बे में आवाज का दम घुटता."

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. मनात म्हणालो, आता गाडीवाल्याकडून सुतारकी शिकायची वेळ आली.

आठ इंची स्पीकर गावातच रेडिओवाल्याकडे सुटा मिळाला. त्याला लागणारं छोटं यंत्र त्यानेच जोडून दिलं. पेटीसाठी मी एका जुन्या दाराच्या फळ्या काढल्या, लई दिवस जपून ठेवलेल्या. कोपरे दातात दात घालून जोडले, सरस लावून आवळले. मागची फळी सहा पितळी स्क्रूंनी बसवली. तीन वेळा पॉलिश केलं. आत पाणी भरलं असतं तर थेंब गळला नसता.

काम चालू असताना सर रोज येऊन बसायचे. एक दिवस हळूच म्हणाले, "मिस्त्री, तो डायवर होलाचं काही तरी म्हणत होता..."

मी रंधा थांबवला. "सर, मी तुमाला कधी टायपिंग शिकवलं का?"

"न्हाई."

"मग?"

 भोक पडलेलं भांडं आणि भोक पडलेली पेटी माझ्या हातून कधी गेली नव्हती. उंदीर शिरतो, धूळ शिरते. तेव्हा मला माझं खरंच वाटलं होतं.

पेटी घरी नेली. सीडी लावली. पखवाज वाजला. मी सरांच्या तोंडाकडे बघत होतो. ते ऐकत होते, ऐकत होते, मग माझ्याकडे बघून हसले. "आला, मिस्त्री. डावा आला."

मी त्या दिवशी छाती काढून घरी आलो.

नंतर मी आठवड्यातून दोनदा तरी संध्याकाळी त्यांच्याकडे जायचो. एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती, पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. बाहेरून हाक मारली की आतून आवाज यायचा, "थांबा मिस्त्री, आलो." आणि मग दार उघडायला लई वेळ लागायचा. मला वाटायचं, पाय. दार उघडल्यावर सर घामेजलेले असायचे. मला वाटायचं, तेही पायानेच. मग आम्ही बसून ऐकायचो. मी दर वेळी विचारायचो, "कसा हाय?" ते दर वेळी म्हणायचे, "लई झ्याक."

एका संध्याकाळी सर मोरीत हातपाय धूत होते आणि वहिनींनी दार उघडलं. मला बघून त्या दचकल्या. "बसा ना, भाऊ, इकडं वसरीवरच बसा." पण मी आत गेलो होतो.

पेटी कोपऱ्यात तोंड बाहेर करून ठेवलेली होती. तिची मागची फळी काढून भिंतीला टेकवलेली. शेजारी एका बशीत माझे सहा पितळी स्क्रू आणि एक स्क्रूड्रायव्हर. स्क्रूंच्या खाचा घासून घासून गोल झाल्या होत्या.

मी वहिनींकडे बघितलं.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "बंद असली की आवाज कोंडतोय म्हणत्यात. फळी काढली की जरा बरा येतोय. पण तुमी आलात की लावून ठेवत्यात. गुडघ्यानं फळी दाबायची, एका हातानं पिळायचं. मी हात लावू का म्हटलं तर वरडत्यात."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"मला शपथ घातलीय, भाऊ. म्हणाले, त्यानं जपून ठेवलेलं लाकूड कापलंय माझ्यासाठी."

मी सर बाहेर यायच्या आत निघालो.

आता खरं सांगतो. मला राग आला. पेटी बिघडली त्याचा नाही. या माणसाने एका हाताने, आठवड्यातून दोनदा, सहा स्क्रू पिळले आणि मला एका शब्दाने दुखवलं नाही, त्याचा राग आला. आपल्याला कुणी एवढं सांभाळून घ्यावं, एवढे आपण आडमुठे आहोत, हे कळण्यासारखं वाईट काही नाही. आठ दिवस मी त्यांच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. दुकानात बसून लाकडाच्या तुकड्यांवर उगीच रंधा मारत राहिलो.

नवव्या दिवशी सकाळी मी गिरमिट, गोल कानस आणि काचकागद पिशवीत टाकले आणि गेलो. दारात हाक मारली.

"थांबा मिस्त्री, आलो."

"थांबत न्हाई. दार उघडा. फळी ऱ्हाऊ द्या तशीच."

आत स्क्रूड्रायव्हर बशीत पडल्याचा आवाज आला. मग कडी निघाली. सर माझ्याकडे बघत उभे राहिले आणि मी त्यांच्याकडे न बघता आत शिरलो. पेटी मांडीवर घेतली. कागदावर वाटी ठेवून गोल काढला, तो पेटीच्या पुढे, स्पीकरच्या खाली, चिकटवला. गिरमिटाने कडेने लहान लहान भोकं पाडायला लागलो.

सर म्हणाले, "मिस्त्री, पॉलिश खराब होईल."

"होऊ द्या."

"उंदीर शिरंल."

"शिरू द्या. त्याला बी भजन ऐकू द्या."

 मी भोकं पाडत होतो आणि ते समोर पाटावर बसून बघत होते. दोघांपैकी कुणीही त्या सहा स्क्रूंचा विषय काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मधला तुकडा निघाला, कानसेने कड गोल केली. मागची फळी मी स्वतः बसवली, नव्या स्क्रूंनी.

सर पुढे पाच वर्षं होते. ती पेटी त्यांनी रोज ऐकली. ते गेले तेव्हा मी लेकीकडे गेवराईला होतो आणि मला वेळेवर पोचता आलं नाही. वहिनींनी पेटी मला परत न्यायला सांगितली, मी नेली नाही. ती त्यांच्या घरातच राहू दे म्हणालो. आता वहिनीही नाहीत. घरात भाडेकरू आहेत, पेटीचं काय झालं मला माहीत नाही, आणि विचारायची माझी हिंमत होत नाही.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

फळी लागली, वायर लागली, सीडी फिरायला लागली. आधी टाळ, मग घंटा. मग पखवाज. आणि मी हातातला काचकागद खाली ठेवला. बीडच्या दुकानासारखा नाही, तेवढा नाही. पण 'धा' होता. पोकळ नाही, घोगरा नाही. पेटीला जणू श्वास घेता येत होता.

मी मान वर करून विचारणार होतो, कसा हाय. विचारलं नाही. त्या प्रश्नाला या माणसाने मला फार दिवस खोटं उत्तर दिलं होतं.

सर पाटावरून सरकत पुढे आले. उजव्या हाताने त्यांनी डावा हात मनगटाला धरून उचलला आणि पेटीच्या त्या भोकासमोर, तळवा वर करून, जमिनीवर टेकवला. आतली हवा दर ठोक्याला बाहेर येत होती. पेटीत राहिलेला लाकडाचा बारीक भुसा त्या हवेबरोबर उडत होता आणि एकेका 'धा'ला थोडा थोडा त्यांच्या उघड्या तळहातावर येऊन पडत होता.

मी तो झटकायला पुढे झालो. सरांनी मान हलवून नको म्हटलं.